यश पचवलेला माणूस

एप्रिल हा आपल्या चळवळीचा जयंतीचा महिना. ११ तारखेला जोतीराव फुले, १४ तारखेला बाबासाहेब. वस्त्यावस्त्यांतून मंडप उभे राहतात, पताका लागतात, रात्र रात्र भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात. याच आठवड्यात, ९ एप्रिलला, आणखी एका माणसाची जयंती असते. त्याचा फोटो आपल्या मंडपात सहसा दिसत नाही. त्याचे नाव पॉल रॉबसन. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक, नट, खेळाडू आणि, मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कायद्याचे पदवीधर. तेही कोलंबिया विद्यापीठाचे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाच्या कायदा शाखेत रॉबसन १९२० साली दाखल झाले. दोघांची तेथे गाठ पडणे शक्य नव्हते. चार वर्षांचे अंतर होते.

रॉबसन यांच्या आवाजाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्यांच्या यशाबद्दल, आणि त्या यशाचे त्यांनी काय केले त्याबद्दल. अपयश पचवावे लागते हे सगळेच सांगतात. दलित, शोषित समाजातील माणसाला अपयश पचवायला कोणी शिकवावे लागत नाही, ते त्याच्या पाचवीलाच पुजलेले असते. यशाचे मात्र तसे नाही. ते अचानक येते, एकट्याला येते, आणि त्या एकट्याला बाकीच्यांपासून उचलून दूर नेऊन ठेवते. आपल्याकडे यशस्वी माणसाबद्दल दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘समाजाचे नाव काढले.’ काही वर्षांनी दुसरे, ‘समाजाला विसरला.’ १९५६ साली आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकल्या-सवरल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती याच दुसऱ्या वाक्याची होती. रॉबसन यांच्या बाबतीत हे दुसरे वाक्य कोणालाच उच्चारता आले नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

रॉबसन यांचा जन्म १८९८ साली न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन येथे झाला. वडील विल्यम रॉबसन हे जन्माने गुलाम. उत्तर कॅरोलिनातील मळ्यावरून ते किशोरवयात पळाले, पुढे शिकले आणि धर्मोपदेशक झाले. प्रिन्स्टनच्या चर्चमधील त्यांची जागा गोऱ्या वरिष्ठांनी काढून घेतली, तेव्हा या शिकलेल्या माणसाने घोडागाडीतून लोकांच्या घरची राख वाहून पोरांची पोटे भरली. पॉल सहाव्या वर्षात असताना आई घरातच भाजून मरण पावली. वडिलांनी त्या काळाबद्दल कधी रड गायली नाही, कधी कोणापुढे वाकलेही नाहीत, असे रॉबसन पुढे सांगत. पुढे लाख डॉलर कमावणाऱ्या माणसाच्या मनात राखेची गाडी हाकणारा बाप कायम बसलेला होता. यशाची धुंदी न चढण्याचे पहिले कारण मला तेथेच दिसते.

१९१५ साली स्पर्धा परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवून ते रटगर्स कॉलेजात गेले. त्या कॉलेजच्या इतिहासातील ते तिसरे कृष्णवर्णीय विद्यार्थी. फुटबॉलच्या संघात निवड व्हावी म्हणून मैदानात उतरले, तर संघातल्याच गोऱ्या खेळाडूंनी त्यांचे नाक फोडले, एकाने खिळ्यांच्या बुटाने हातावर पाय दिला. हा गडी काही दिवस अंथरुणात पडला आणि पुन्हा मैदानात गेला. १९१७ आणि १९१८ अशी दोन्ही वर्षे देशभरातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव आले. अभ्यासातही तेच. १९१९ च्या पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला.

मग कोलंबिया. फीचे पैसे जमवण्यासाठी ते व्यावसायिक फुटबॉल खेळले, अधूनमधून नाटकात कामे केली. १९२३ साली कायद्याची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कच्या एका वकिली कचेरीत रुजू झाले. तेथे एके दिवशी त्यांनी मजकूर सांगण्यासाठी लघुलेखिकेला बोलावले, तर ‘काळ्या माणसाच्या तोंडचा मजकूर मी उतरवून घेणार नाही’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. रॉबसन यांनी ती कचेरी सोडली, आणि वकिलीही.

हा प्रसंग वाचताना आपल्या वाचकाला बडोदा आठवल्याशिवाय राहणार नाही. १९१७ साली कोलंबियाची विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर शिपाई लांबून फाइली फेकत. देश वेगळा, रोग एकच. पदवी कितीही मोठी असो, कचेरीतल्या सर्वांत खालच्या पायरीवरचा सवर्ण किंवा गोरा माणूस तुम्हाला तुमची ‘जागा’ दाखवू शकतो. मी स्वतः कोर्टात वावरतो. काळा कोट चढवला की सगळे सारखे दिसतात, हे बाररूममध्ये आडनाव विचारले जाईपर्यंतच खरे असते.

रॉबसन गाण्याकडे वळले. पण कोणत्या गाण्याकडे? १९ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज थिएटरमध्ये पियानोवादक लॉरेन्स ब्राऊन यांच्या साथीने त्यांनी जो कार्यक्रम केला, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त गुलामांची भक्तिगीते आणि कृष्णवर्णीयांची लोकगीते होती. तोवर अशी गाणी मैफलीच्या शेवटी तोंडी लावण्यापुरती गायिली जात. युरोपातले अभिजात संगीत म्हटले तरच गायक मोठा. शिकलेल्या काळ्या माणसांतही अनेकांना ही गाणी नकोशी वाटत, कारण त्यांना गुलामीचा वास येत असे. आपल्याकडे वामनदादा कर्डकांचे गाणे ऐकून नाक मुरडणारे, ‘ती वस्तीतली गाणी’ म्हणणारे आपलेच सुशिक्षित आपण पाहिलेले आहेत. रॉबसन यांनी उलट केले. आजोबा-पणजोबांनी कापसाच्या शेतात गायिलेले गाणे त्यांनी सुटाबुटात, भर सभागृहात, मान ताठ ठेवून गायिले, आणि लोकांना ते परत परत ऐकावेसे वाटले. जे आपले म्हणून लपवायचे, तेच त्यांनी भांडवल म्हणून पुढे केले. लॉरेन्स ब्राऊन यांची साथ तर अनेक दशके टिकली. नाव झाल्यावर पहिला साथीदार बदलण्याची रीत सगळीकडे आहे, ती येथे दिसत नाही.

पुढचे यश थक्क करणारे आहे. १९२८ साली लंडनमध्ये ‘शो बोट’, १९३० साली लंडनलाच ‘ऑथेल्लो’, पुढे चित्रपट, ध्वनिमुद्रिका, युरोपभर मैफली. १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांचा ‘ऑथेल्लो’ आला. नायिका गोरी, नायक खराखुरा काळा माणूस. त्याचे २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरच्या नाटकाचा तो विक्रम होता. १९४० च्या दशकात अमेरिकेत सर्वांत जास्त मानधन घेणाऱ्या गायकांत त्यांची गणना होऊ लागली.

या सगळ्यात माणूस कसा होता? एक तर शिकणारा होता. लंडनला असताना, नाव आणि पैसा दोन्ही पायाशी लोळण घेत असताना, त्यांनी तिथल्या प्राच्यविद्या संस्थेत नाव घातले आणि आफ्रिकी भाषांचा अभ्यास सुरू केला. पुढे रशियन, चिनी, यिडिश, वेल्श अशा वीसहून अधिक भाषांतली गाणी ते गायले. ज्या लोकांसमोर गायचे त्यांच्याच भाषेत निदान एक गाणे गायचे, हा त्यांचा शिरस्ता. दुसरे म्हणजे, गोऱ्यांच्या कौतुकाने त्यांचे डोळे दिपले नाहीत. १९२९ साली लंडनच्या एका बड्या हॉटेलात, ज्या शहरात त्यांचे नाव घराघरात झाले होते त्याच शहरात, त्यांना जेवायला जागा नाकारण्यात आली. रंगमंचावर टाळ्या आणि जेवणाच्या टेबलाजवळ नकार, या दोन्हींचा अर्थ ते लावत राहिले.

तिसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९३५ साली ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ हा चित्रपट आला. आफ्रिकेची संस्कृती पडद्यावर येईल या आशेने रॉबसन यांनी काम केले होते. तयार झालेल्या चित्रपटात मात्र इंग्रजी साम्राज्याचा गौरव होता आणि रॉबसन यांचा नायक हा गोऱ्या अधिकाऱ्याचा इमानी नोकर झाला होता. चित्रपट चालला. रॉबसन यांनी मात्र तो आपला म्हणायचे सोडले आणि त्याचा जाहीर निषेध केला. १९४२ साली ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’ या चित्रपटात काळ्या लोकांचे पुन्हा तसेच बावळट चित्रण झाले, तेव्हा त्यांनी हॉलिवूडलाच रामराम ठोकला. चालणारे दुकान स्वतःच्या हाताने बंद करणे म्हणजे काय, हे दुकान चालवणाऱ्यालाच कळते. ‘शो बोट’मधील ज्या गाण्याने त्यांना जगभर नाव दिले, त्या गाण्याचे शब्दही त्यांनी मैफलीत बदलून टाकले. मूळ गाण्यातला काळा मजूर थकलेला, जगण्याला कंटाळलेला आहे. रॉबसन यांचा मजूर लढण्याची भाषा बोलू लागला. लोकांना सवयीचे, हुकमी टाळ्या मिळवणारे गाणे असे बदलायला हिंमत लागते.

वेल्सच्या खाणकामगारांशी त्यांचे नाते वेगळेच. १९२९ साली लंडनच्या रस्त्यावर वेल्सहून चालत आलेले बेकार खाणकामगार गात चालले होते. ते सूर ऐकून रॉबसन त्यांच्यात सामील झाले. त्यानंतर ते वेल्सला जात राहिले, खाणकामगारांसाठी गात राहिले. १९४० साली ‘द प्राउड व्हॅली’ या चित्रपटात त्यांनी तेथील खाणकामगाराची भूमिका केली. १९३७ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये स्पेनमधील निर्वासित मुलांच्या मदतीसाठी सभा होती. त्या सभेत त्यांनी सांगितले की कलावंताला बाजू घ्यावीच लागते, स्वातंत्र्य की गुलामी हे त्याला ठरवावे लागते, आणि आपण ते ठरवले आहे. पुढच्याच वर्षी ते प्रत्यक्ष स्पेनच्या युद्धभूमीवर जाऊन लढवय्यांसमोर गायले.

ठरवणे सोपे असते. बिल नंतर येते.

अमेरिकेत परतल्यावर त्यांनी नियम केला की, जेथे काळ्यांना वेगळे बसवले जाते त्या सभागृहात गायचे नाही. १९४२ साली कॅन्सस सिटीत गाणे सुरू झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की काळे श्रोते वेगळे काढून बसवले आहेत. त्यांनी मध्येच थांबून निषेध नोंदवला आणि निषेध म्हणूनच उरलेला कार्यक्रम केला. १९४३ च्या डिसेंबरात ते बेसबॉल संघांच्या मालकांना भेटले आणि काळ्या खेळाडूंवरची बंदी उठवा असे त्यांना तोंडावर सांगितले. १९४६ साली काळ्यांच्या झुंडहत्यांविरुद्ध शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यासमोर गेले. आणि १९४७ च्या जानेवारीत, कारकीर्द अगदी शिखरावर असताना, त्यांनी जाहीर केले की दोन वर्षे मी व्यावसायिक मैफली करणार नाही, वंशद्वेषाविरुद्धच्या लढ्यासाठी गाईन. त्या काळात त्यांचे वर्षाचे उत्पन्न लाख डॉलरच्या पुढे होते. आपल्याकडे ‘समाजासाठी वेळ देतो’ म्हणणारे निवृत्तीनंतर देतात. पेन्शन सुरू झाल्यावर.

१९४९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत ते बोलले. एका वृत्तसंस्थेने त्यांचे भाषण मोडूनतोडून अमेरिकेत पाठवले. अमेरिकेचे काळे लोक रशियाविरुद्ध लढणार नाहीत असे ते म्हणाले, असा गवगवा झाला. झाले! पंचाऐंशी मैफली रद्द झाल्या. २७ ऑगस्टला न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किल येथे त्यांची मैफल होण्यापूर्वीच जमावाने हल्ला केला. मैफल झाली नाही. दुसऱ्याने तेथून काढता पाय घेतला असता. रॉबसन ४ सप्टेंबरला तेथेच परत गेले, वीसेक हजार लोकांसमोर गायले, कामगारांनी त्यांच्याभोवती कडे केले होते. परतणाऱ्या बसगाड्यांवर दगडांचा वर्षाव झाला, १४० च्या वर माणसे जखमी झाली.

१९५० साली सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. येथे वकिलाने थोडे थांबले पाहिजे, कारण या माणसाच्या स्वभावाची खरी परीक्षा या खटल्यात आहे. अधिकाऱ्यांनी त्यांना सुचवले की परदेशात भाषणे न करण्याची हमी द्या, मग बघू. काळ्यांना अमेरिकेत कसे वागवले जाते हे बाहेर जाऊन सांगू नका, तो ‘घरातला मामला’ आहे. सरकारने न्यायालयात दिलेल्या निवेदनात तर असेही नोंदवले की हा इसम आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षे सक्रिय आहे. म्हणजे स्वातंत्र्याची बाजू घेणे हा पासपोर्ट नाकारण्याचा आधार!

‘घरातला मामला’ हे शब्द आपल्याला नवे नाहीत. २००१ साली दर्बान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तेथे नेऊ नये, तो देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, अशीच भूमिका भारत सरकारने घेतली होती. बाबासाहेबांना मात्र हे कुंपण मान्य नव्हते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. दु बॉइस हे रॉबसन यांचे निकटचे सहकारी. १९५१ च्या डिसेंबरात ‘आमच्या वंशाचा संहार चालला आहे’ असा आरोप करणारी याचिका संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क कचेरीत नेऊन देणारे रॉबसनच होते.

पासपोर्टसाठी आणखी एक अट होती. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात की नाही याचे प्रतिज्ञापत्र द्या. १९४६ साली कॅलिफोर्नियाच्या एका समितीपुढे त्यांनी शपथेवर ‘नाही’ असे सांगितलेले होते. एक सही केली असती तर मामला मिटला असता. पण नागरिकाच्या मतांची चौकशी करण्याचा अधिकारच सरकारला नाही, या मुद्द्यावर ते अडून बसले. अपिलात हरले. मैफली बंद, ध्वनिमुद्रिका दुकानांतून गायब, उत्पन्न लाखावरून काही हजारांवर. तरी सही केली नाही. आठ वर्षे! पक्षकार तडजोडीला तयार असतो आणि वकिलाला खटला चालवायचा असतो, हे आम्ही रोज पाहतो. येथे पक्षकारच वकिलांपेक्षा ताठ होता. अखेर १६ जून १९५८ रोजी चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की प्रवासाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, मतांच्या कारणावरून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार परराष्ट्रमंत्र्याला नाही. त्या निकालाने रॉबसनही सुटले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंत सिंग खटल्यात आणि १९७८ साली मनेका गांधी खटल्यात पासपोर्टचा विचार केला, तेव्हा केंट खटल्याचा आधार चर्चेत आला. घटनेच्या कलम २१ ची आज आपण जी व्याप्ती सांगतो, तिच्यामागे दूरवर कोठेतरी त्या काळातल्या अमेरिकेतील या हट्टी माणसांचाही हातभार आहे.

त्या आठ वर्षांत ते रडत बसले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. कॅनडात जायला अमेरिकन माणसाला पासपोर्ट लागत नसे, तरीही १९५२ च्या जानेवारीत त्यांना सरहद्दीवर अडवले. मग १८ मे रोजी ते सरहद्दीवरच्या पीस आर्चजवळ अमेरिकेच्या हद्दीत मालमोटारीवर उभे राहिले आणि पलीकडच्या कॅनडातल्या लोकांसह हजारोंसाठी गायले. (त्याच्या पुढच्याच महिन्यात कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. त्याच विद्यापीठाचा हा दुसरा विद्यार्थी तेव्हा स्वतःच्या देशात कोंडलेला होता.) १९५७ साली अटलांटिकच्या तळातून टाकलेल्या टेलिफोनच्या तारेवरून ते न्यूयॉर्कमध्ये गायले आणि वेल्सच्या पोर्थकॉल येथील सभागृहात बसलेल्या खाणकामगारांनी ते ऐकले. वेल्सचे लोक त्यांना विसरले नव्हते.

१२ जून १९५६ रोजी अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांना उभे केले. एकाने विचारले, एवढे आवडते तर रशियातच का राहिला नाहीत? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, माझा बाप गुलाम होता, माझ्या लोकांनी मरून हा देश उभारला आहे, मी येथेच राहणार आणि तुमच्याइतकाच माझा वाटा घेणार. हे उत्तर देणारा माणूस तेव्हा कमाईने जवळजवळ कंगाल होता. बोलण्यात दीनपणा कोठेच नाही.

भारताशीही त्यांचा धागा आहे. आसामचे भूपेन हजारिका कोलंबियात शिकत असताना त्यांच्या सहवासात आले आणि मिसिसिपीवरच्या त्या गाण्याची प्रेरणा घेऊन त्यांनी ब्रह्मपुत्रेचे गाणे रचले. हिंदीत ते गंगेचे झाले. १९५८ साली रॉबसन यांच्या साठीनिमित्त भारतात समारंभ झाला. त्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. पंडित नेहरूंनी शुभेच्छा दिल्या. अमेरिकन सरकारला हे रुचले नाही, भारतातील त्यांच्या अधिकाऱ्यांनी नाराजी कळवली. समारंभ झालाच. आणि त्याच वर्षी छागला भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले!

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. आपल्याला विभूतिपूजा नको, असे बाबासाहेब सांगून गेले आहेत. रॉबसन यांचे सोव्हिएत रशियावर प्रेम होते. १९३४ साली ते प्रथम तेथे गेले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला पूर्ण माणूस म्हणून वागवले गेले असे त्यांना वाटले. ते समजण्यासारखे आहे. पण १९४९ साली मॉस्कोत त्यांचे ज्यू मित्र, कवी इत्झिक फेफर, त्यांना भेटले, तेव्हा ते कैदेतून आणलेले होते, आणि ज्यू लेखक-कलावंतांवर काय गुदरते आहे हे त्यांनी खाणाखुणांनी कळवले, असे रॉबसन यांच्या मुलाने पुढे सांगितले. रॉबसन यांनी मॉस्कोच्या मैफलीत यिडिश भाषेतले बंडाचे गाणे गाऊन आपल्या परीने निषेध केला. पण अमेरिकेत परतल्यावर जाहीरपणे ते काही बोलले नाहीत, उलट तसे काही नाही असेच सांगितले. फेफर यांना १९५२ साली गोळी घालण्यात आली. शत्रूच्या हाती कोलीत मिळू नये म्हणून आपल्या बाजूच्या अन्यायावर गप्प बसणे, ही चूकच होती. जो माणूस ‘घरातला मामला’ हे ऐकून घेत नव्हता, त्याने दुसऱ्याच्या घराबाबत तेच मान्य केले. बाबासाहेबांनी १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसेच्या आणि हुकूमशाहीच्या मार्गाबद्दल जे बजावले, ते रॉबसन यांनी ऐकायला हवे होते असे मला वाटते.

पासपोर्ट मिळाल्यावर त्यांनी पुन्हा जग पालथे घातले. १९५९ साली स्ट्रॅटफर्डला ‘ऑथेल्लो’ केला. १९६० च्या नोव्हेंबरात सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे बांधकाम चालू असताना तेथील कामगारांसमोर, परातीवर चढलेल्या बांधकाम मजुरांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते गायले. त्या इमारतीत गाणारे ते पहिले गायक. पण शरीर आणि मन दोन्ही थकले होते. १९६१ नंतर गंभीर आजार, विजेचे झटके देणारे उपचार, १९६३ साली मायदेशी परत, आणि मग बहिणीच्या घरी एकांत. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. ज्या १९१८ च्या यादीत त्यांचे नाव होते, त्या यादीतून ते पडत्या काळात वगळले गेले होते. महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानवंदना दालनात त्यांना जागा मिळाली ती १९९५ साली.

राहिली एक गोष्ट, आणि गटातटांत विभागलेल्या आपल्या चळवळीने ती जरूर वाचावी. १९४९ च्या जुलैमध्ये संसदेच्या त्याच चौकशी समितीने रॉबसन यांच्याविरुद्ध बोलण्यासाठी कोणाला बोलावले? जॅकी रॉबिन्सन यांना. बेसबॉलमधील रंगाची भिंत ओलांडून १९४७ साली मैदानात उतरलेला पहिला काळा खेळाडू. ती भिंत पाडा म्हणून मालकांपुढे जाऊन बसणारे रॉबसनच होते. एका काळ्या माणसाविरुद्ध दुसरा काळा माणूस उभा करायचा हा जुना डाव. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना दोघांची जुंपलेली हवी होती. रॉबसन यांनी जुंपवून घेतली नाही. रॉबिन्सन यांच्याबद्दल मला आदर आहे, आमच्यात भांडण लावण्याच्या डावात मी सापडणार नाही, अशी त्यांची भूमिका राहिली, आणि त्यांनी रॉबिन्सन यांच्यावर चिखल उडवला नाही. पुढे तेवीस वर्षांनी, १९७२ साली, रॉबिन्सन यांचे आत्मचरित्र आले. त्यात त्यांनी लिहिले की, वय वाढले तसा अमेरिकेतील विध्वंसाचे सत्य मला अधिक कळू लागले आणि रॉबसन यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रॉबिन्सन वारले. रॉबसन तेव्हा फिलाडेल्फियात, बहिणीच्या घरी होते.